सातव्या मजल्यावरची आघाडी

मी एक युद्धकादंबरी लिहिली आहे, हे हल्ली मला स्वतःहून सांगावं लागतं. सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग विचारतात, "तुम्ही सैन्यात होता?" नव्हतो. मी वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत होतो आणि अजूनही आहे. खोकं किती वजनाखाली चेपतं ते तपासणं हे माझं काम. बर्फ मी पाहिला तो उसाच्या रसात. असल्या माणसाने हिमालयातल्या चौकीवर कादंबरी लिहायला घ्यावी याला धाडस म्हणायचं की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावं. वाचक फारसे न लाभल्यामुळे तो प्रश्न अजून तसाच पडून आहे.

डोंबिवलीला आमच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं. रोज सकाळी मोरीपुढे आमच्यात जी चकमक व्हायची ती लिहिण्याजोगी आहे असं मला कधी वाटलं नाही. थोर साहित्याला एकांत लागतो असं कुठेतरी वाचलेलं. म्हणून मी बाळकुमला एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. एकांत काही मिळाला नाही, मिळाले ते आमचे घरमालक.

मालक सत्तरीच्या पुढचे, सावळे, काटक. जन्म मिठागरात गेलेला, त्यामुळे तळपायांना भेगा पडलेल्या आणि डोळे कायम उन्हात असल्यासारखे बारीक केलेले. पुढे मिठागर बंद पडलं, घरच्या शेतजमिनीवर टॉवर आला आणि मालक दोन फ्लॅटचे धनी झाले. पण फ्लॅटच्या आत बसणं त्यांना काही जमलं नाही. दुपारी चार वाजले की ते प्लॅस्टिकची खुर्ची उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये आणत, दारासमोर मांडत आणि सातपर्यंत तिथेच बसत. "आत हवा नाय," असं त्यांचं म्हणणं. पॅसेजला एक खिडकी होती आणि ती बिल्डरने उघडणार नाही अशी बसवलेली होती. तरी मालक मधेच मान वर करून सांगत, "भरती लागली." मी एकदा मोबाइलवर ताडून पाहिलं. भरती लागलेली होती.

मी राहायला गेलो त्या आठवड्यातच त्यांनी मला हातातल्या कागदांसकट पकडलं.

"काय लिवतंस?"

"कादंबरी. युद्धावरची."

"वाच."

मला भरून आलं. घरी कोणी 'वाच' म्हणालं नव्हतं. घरी 'गॅस बंद कर' म्हणत. मी पॅसेजमध्येच उभा राहून पहिलं प्रकरण वाचलं. सुरुवात अशी होती, की हिमशिखरांच्या रुपेरी मुकुटावर अरुणोदयाची लाली पसरली आहे आणि आमचे हवालदार साहेब ती बघत मातृभूमीविषयी चार पानं बोलत आहेत. वाचून संपल्यावर मी नम्रपणे खाली पाहिलं. कौतुक ऐकताना मी नेहमी खाली बघतो. नेहमी म्हणजे बघेन असं ठरवलेलं होतं.

"वारा कंचे बाजूनं?" मालकांनी विचारलं.

कादंबरीत वारा नव्हता.

"बरा, पानी कुटून आनतात?"

पाणीही नव्हतं.

"परसाकडं कुटं जातात? आन् चढताना बोलतो तो? चार पानां बोलतो! लिफ्ट बंद पडली का मी सात मजले चढतो, तवा बायको काय इचारते तं मी हातानं सांगतो." मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी मला त्यांचं ते वाक्य ऐकवलं. पुढच्या वर्षभरात ते मी शंभरदा तरी ऐकलं असेल. "जागा पयली सांग, राइटर. जागा सांगलीस का भांडान आपोआप समजतं."

आता, मी मराठी घेऊन एम.ए. झालेला माणूस. 'वातावरणनिर्मिती' या विषयावर दहा गुणांची टीप मी परीक्षेत दोनदा लिहिलेली आहे. दोनदा अशासाठी, की पहिल्यांदा नापास झालेलो. तेव्हा मिठागरातल्या माणसाने मला हे शिकवावं याचा राग आला. तो राग मी रात्रीच्या जेवणापर्यंत टिकवला. जेवताना लक्षात आलं, की आपला हवालदार चार प्रकरणांत पाणी प्यायलेला नाही.

मग रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर वाचन होऊ लागलं. मालक येताना माकडटोपी घेऊन यायचे. बर्फाचं वर्णन सुरू झालं की ती डोक्यावर चढवायची, आणि वर्णन खोटं वाटलं की काढून मांडीवर ठेवायची, असा त्यांचा नियम. तोंडाने एक शब्द बोलत नसत. मी वाचता वाचता एका डोळ्याने टोपीकडे बघायचो. एप्रिल महिना, पॅसेजमध्ये पंखा नाही, आणि एका रविवारी त्यांनी टोपी सलग अडीच पानं डोक्यावर ठेवली. घामाने निथळले, पण काढली नाही. माझ्या लेखनाला आजवर मिळालेला हा सर्वात मोठा सन्मान आहे.

ही अडीच पानं मला कशी सुचली, तेही सांगतो. मालकांच्या ओळखीच्या एकाचा कल्याणला बर्फाचा कारखाना होता, मासळीवाल्यांना लाद्या पुरवणारा. एका सुट्टीच्या दिवशी मला रिक्षात घालून ते तिथे घेऊन गेले आणि लाद्यांच्या खोलीत पोत्यावर बसवलं. "बस. तुजा हवालदार बोलतो ना मातृभूमीवर? तू पन बोल." आणि बाहेरून दार लावून घेतलं.

मी बसलो. पहिली दोन मिनिटं मी डायरीत टिपणं काढली. मग पेन चालेना. मग बोटं चालेनात. पाचव्या मिनिटाला मला कान आहेत हे कळलं, कारण ते दुखायला लागले. मातृभूमीचा विचार आणायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण डोक्यात एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे चहा. त्यानंतर मला मालकांचा असा काही संताप आला, की दार उघडल्यावर यांना पहिली लाथ घालायची असं मी ठरवलं. आठव्या मिनिटाला दार उघडलं. मालक हातात कटिंग घेऊन उभे.

"माझा राग आयला का?"

"आला," मी दात वाजवत म्हणालो.

"मी काय केला तुना? कायच नाय. थंडीनं केला. आता तुज्या हवालदाराला राग कोनाचा येनार? जो जवल बसलाय त्याचा. दुश्मन तं लांब हाय."

त्या रात्री मी मातृभूमीची चार पानं फाडली. त्यांच्या जागी दोन जवान एका स्टोव्हवरून भांडतात असं लिहिलं. टोपी डोक्यावर राहिली ती याच प्रकरणाला.

आता मला समोरच्या दाराविषयी सांगायला हवं. आमच्या मजल्यावर तीन फ्लॅट. एकात मालक, बाजूच्यात मी भाडेकरू, आणि मालकांच्या बरोबर समोर, चार पावलांवर, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. हे दोघे वीसेक वर्षं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. गावात जुनी घरं होती तेव्हा एक गावाच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, त्यामुळे अबोला निवांत चालला होता. वाट वाकडी केली नाही की झालं. पण टॉवर झाल्यावर बिल्डरने कागदावर एकच आडनाव बघितलं. भाऊ भाऊ आहेत, जवळ बरे, असा विचार करून भल्या माणसाने दोघांना समोरासमोर दारं दिली.

तेव्हापासून निवांत अबोल्याची लढाई झाली. लिफ्टमध्ये एक असला की दुसरा जिन्याने. एकाने चपलांचा स्टँड बाहेर ठेवला, तर दुसऱ्याने बोटभर उंच आणला. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने सकाळी गुलाबाचं फूल टाकलं की दुसरा त्या दिवशी काही टाकत नसे. हे सगळं मी रोज बघत होतो. बघायचो, हसायचो, दार लावायचो आणि हिमालयात संघर्ष कुठून आणावा याचा विचार करत बसायचो. माझ्या निरीक्षणशक्तीबद्दल यापेक्षा जास्त काही बोलत नाही.

एक दिवस मालक म्हणाले, "राइटर, तुज्या लढाईत बांध नाय?"

"डोंगरावर कसला बांध?"

"पानी आडवायला. दोन चौक्या हायत ना, आपली आन् त्यांची? मदी ओढा हाय. तिथं दगडांचा बांध घाल. तला करून दोगांनी पानी घ्यायचा, सकालचा आपन, सांजचा ते. बोलायचा नाय, पन ठरलेला. आन् एक दिवस बांध फुटला. कोनी फोडला?"

"कोणी?" मी विचारलं.

"तू राइटर हायस का मी?"

कल्पना मला फारच आवडली. रात्री झोपेपर्यंत ती माझीच आहे असं मला वाटायला लागलेलं. दोन चौक्या, मधलं तळं, एक दिवस बांध फुटतो, दोन्हीकडचे हवालदार समजतात की पलीकडच्याने फोडला, आणि गोळीबार सुरू होतो. मी झपाटल्यासारखा लिहीत सुटलो. मालकांचा आग्रह मात्र वाढत चालला. "मोठ्यानं वाच. आनखीन मोठ्यानं." मला वाटायचं, वयामुळे ऐकू कमी येत असेल. आमचा आपला हवालदार बांधाविषयी काही बोलला, की मालक हात वर करून मला थांबवायचे आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावायचे. रसिक माणूस, मी मनाशी म्हणायचो.

मग एकदा लिफ्टमध्ये धाकटे भाऊ भेटले. हे बुटके, गोल, तोंडात कायम सुपारी. चौथा मजला गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो पलीकडचा हवालदार. त्याला कसाला एवढा वंगाल दाखवतंस? त्याचा पन पानी जेला ना?"

मी थक्क झालो. "तुम्ही ऐकता?"

"दार बंदच असतंय. आवाज येतोय त्याला मी काय करू?" आणि सातव्या मजल्यावर उतरून दार आपटून आत गेले.

मला अभिमान वाटला. बंद दारातूनही माझं साहित्य पोहोचतं आहे! दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या हवालदाराला एक आजारी आई दिली. ते वाचताना मालकांनी टोपी काढून खाली फरशीवर आपटली. असं दोन महिने चाललं. इकडचा खूश झाला की तिकडचा लिफ्टमध्ये गाठायचा. दोन्ही बाजूंना भिडणारं लिहायला लागलोय, असं मी डोंबिवलीला फोन करून कळवलंसुद्धा. आई म्हणाली, "जेवतोस ना वेळेवर?"

माझे डोळे उघडले ते मालकीणबाईंनी. एका सकाळी त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण घेऊन आल्या, आणि ताट ठेवून उभ्याच राहिल्या.

"तुजा पुस्तक कवा संपतंय?"

"बघू, घाई नाही."

"घाई हाय," त्या म्हणाल्या. "धाकलं भावजी आखाजीला चाललं कल्यानला, पोराकडं. फ्लॅट इकला. मंग कोनाला ऐकवशील?"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वैशाखातलं उधाण होतं. मिठाच्या राशी लागलेल्या होत्या. सकाळी बघतात तर खाडीकडचा बांध फुटलेला आणि धाकट्याच्या वाटणीचं सगळं मीठ विरघळून गेलेलं. मोठ्याची बाजू जरा उंच, म्हणून ती वाचली. धाकट्याने भर मिठागरात, वडिलांसमोर, सगळ्या कामकऱ्यांदेखत विचारलं, दादा, तुझं वाचवायला तू बांध फोडलास का? मोठ्याने उत्तर दिलं नाही. पाठ फिरवून निघून गेले ते आजपर्यंत.

"यांनी नाय फोडला," मालकीणबाई म्हणाल्या. "पन तोंडानं सांगनार नाय. इचारलाच कसा, बोलतात. आन् आता तो चालला तं जीव वर-खाली होतंय. रोज सांजचं तुज्या तोंडून सांगतात त्याला. तुना नाय समजला?"

मला नाही समजला. मी एम.ए. आहे. पॅसेजमध्ये हवा नसताना एक म्हातारा वर्षभर खुर्ची टाकून का बसतो, मोठ्याने का वाचायला लावतो, यातलं मला काही समजलं नव्हतं. मला वाटत होतं, मला वाचक मिळाला. मिळाला होता पोस्टमन शोधणारा माणूस, आणि पोस्टमन मी होतो. मला माझी लाज वाटली आणि त्याहून जास्त मालकांविषयी माया वाटली. शेवटचं प्रकरण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत वाचायचंच, असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. बांध कोणी फोडला ते लिहायचं कसं? आपल्या हवालदाराने फोडला म्हणावं तर मालक खचणार. पलीकडच्याने फोडला म्हणावं तर समोरचं दार कायमचं बंद. ऑफिसातून दोन दिवस रजा काढून मी नुसता घरात येरझाऱ्या घातल्या. मी शूर कधीच नव्हतो. दोघांपैकी एकालाही दुखवायची माझी छाती नव्हती, आणि त्याच भित्रेपणात फ्रिज उघडला. गार व्हावी म्हणून वरच्या, बर्फाच्या कप्प्यात काचेची पाण्याची बाटली ठेवून मी विसरलो होतो. ती तडकली होती. कोणी हात लावला नव्हता. आतलं पाणी गोठलं, फुगलं, बाटली फुटली.

तेच मी लिहिलं. दिवसा पाणी दगडांच्या फटींत शिरतं, रात्री गोठून फुगतं, फट रोज केसभर रुंदावते, आणि एका सकाळी बांध आपोआप जातो. फोडणारा कोणीच नाही. कादंबरीच्या दृष्टीने ही पळवाट होती, हे मला लिहितानाही माहीत होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. समोरच्या फ्लॅटमध्ये सामान बांधून झालेलं, दाराबाहेर आमच्याच कंपनीची पुठ्ठ्याची खोकी रचलेली. मालक टोपी न आणताच बसलेले. मी शेवटच्या आधीचं प्रकरण जेवढ्या मोठ्याने वाचता येईल तेवढ्या मोठ्याने वाचायला लागलो. बर्फाने फट रुंदावली, बांध गेला, कोणी फोडला नव्हता, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

टॉवरभर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग समोरचं दार उघडलं.

धाकटे भाऊ उंबऱ्यात उभे होते. तोंडात सुपारी नव्हती. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"चिंबोऱ्या," ते म्हणाले.

मला वाटलं, खेकड्यांचं कालवण खाणार का विचारतायत.

"बांधात चिंबोऱ्यांची बिलां व्हती, दादूस." आगरी माणूस मोठ्या भावाला दादूस म्हणतो, आणि 'गेलो'ला 'जेलो'. मालकांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. मी पानं छातीशी धरून भिंतीला टेकलो. "हप्त्याला एकानं बांधाव फिरून बिलां चिखलानं बुजवायची, आपली बारी ठरलेली. तो हप्ता माजी बारी व्हती. मी जेलोच नाय. मी जत्रंला जेलेलो." वाटेतलं एक खोकं त्यांनी पायाने बाजूला सारलं. "बापाला काय सांगू? म्हनून तुजं नाव घेतला."

मालक हळूच म्हणाले, "मना म्हाईत व्हता."

"काय?"

"बिलां मी बगलेली. फुटायच्या आदल्याच दिशी. बोललो, उंद्या बुजवीन मी. उंद्या उशीर झाला."

"म्हाईत व्हता? मंग तवा सांगलास का नाय?"

"सगल्यांदेखत इचारलंस तू. बाप उबा व्हता. मी सांगला असता तं सगल्यांदेखत तुजी बारी निघाली असती. बापानं तुना मिठागराव परत उबा केला नसता."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण मला रडू फुटलेलं. धाकटेही रडत असतील अशी माझी कल्पना. पण धाकटे भडकले.

"वीस वरसां! वीस वरसां गप ऱ्हायलास? एवरा शाना तू?"

"आन् तू? जत्रंला जेलास तं जेलास, मना चोर केलास?"

"तुज्या तोंडाला काय कुलूप व्हता?"

"तुजा चपलांचा स्टँड उचल पयला हितशी!"

आवाज इतका चढला, की खालच्या मजल्यावरचे वर आले. मालकीणबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत हसत होत्या. दोघे भाऊ खोक्यांच्या मधे उभे राहून बांध, बिळं, बाप, जत्रा, लिफ्ट असं सगळं एका दमात भांडत होते. बोलता बोलता मालकांनी खुर्ची धाकट्याकडे सरकवली आणि तो न बघता तीत बसला, भांडण न थांबवता.

मी वाट पाहिली. जरा उसंत मिळाल्यावर घसा खाकरून पुढे झालो. शेवटचं प्रकरण अजून बाकी होतं, बारा पानांचं. ते मला माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

"शेवट राहिलाय," मी म्हणालो. "वाचू का?"

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

"नको," दोघंही म्हणाले.